देवघेव

रविवारी सकाळी दहाला काका येतात, चष्मा पुसतात, जुन्या संगणकाची खिडकी उघडून बसतात आणि एखाद्या रविवारी म्हणतात, "अरे, आज देवघेव दिसत नाही." मी हातातला चहा खाली ठेवतो. ती दिसत नसली तर बाकी कशालाच हात लावण्यात अर्थ नसतो.

बडोद्यातल्या गोत्रीत, आमच्या फ्लॅटमध्ये देवघेव हे एका फोल्डरचं नाव आहे. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम आख्खा दुसरा संगणक चालवतो आणि त्या दुसऱ्यावर आहे २००१ सालचं विंडोज एक्सपी. बाहेरच्याला म्हणतात होस्ट, आतल्याला गेस्ट. मराठीत सरळ यजमान आणि पाहुणा म्हणावं, अर्थ तसूभरही बदलत नाही. पाहुण्याची समजूत अशी की आपण स्वतंत्र यंत्र आहोत, आपली डिस्क आपली आहे, मेमरी आपली आहे. यजमानाच्या कपाटात काय आहे ते त्याला दिसत नाही आणि दिसूही नये. दोघांनाही सामान ठेवता-उचलता येतं अशी एकच जागा आहे, ती म्हणजे देवघेव.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरांना ओटा असे. तो धड रस्त्याचा नव्हता, धड घराचा नव्हता. पोस्टमन तिथे टेके, भाजीवाली पाटी उतरवी, शेजारीण झाकलेली वाटी ठेवून हाक न मारताच निघून जाई. कुणाला घरात न घेताही त्याच्याशी व्यवहार करता येत असे, तो ओट्यामुळे. विश्वामित्री नदी ओलांडून आम्ही पश्चिमेला गोत्रीत आलो, चौथ्या मजल्यावर राहू लागलो आणि ओटा सुटला. देवघेव मला पहिल्या दिवसापासून त्या ओट्यासारखी वाटत आली आहे.

ती घरात आली काकांच्या कामासाठी. काका आमचे नात्यातले नाहीत. निवृत्त शिक्षक, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत वीस वर्षांपूर्वी स्वतः जमवून, स्वतः टंकून छापला होता. गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आलेला मूळ पुरुष, त्याच्या शाखा, कोण कुणाला दत्तक गेलं, कोणत्या सुनेचं माहेर कुठलं, असं चारशे पानांचं काम. आता दुसरी आवृत्ती करायची होती. मुलं-नातवंडं पुण्यात, ठाण्यात, अमेरिकेत. त्यांना तो फोनवर वाचता यायला हवा होता. पण फायली होत्या पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममधल्या, आणि अक्षरं त्या काळच्या फॉन्टमधली.

त्या काळचा फॉन्ट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण देवघेवीचं काम त्याशिवाय कळणार नाही. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर 'क' दिसला तरी फाईलमध्ये जमा होई एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. फॉन्ट काढून घेतला की चारशे पानं म्हणजे नुसता चिन्हांचा सडा. शिवाय या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेली: 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं. म्हणून नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. मजकूर बाहेर काढायचा तो एक्सपीवर, जिथे पेजमेकर आणि तो फॉन्ट दोघंही घरच्यासारखे नांदतात. आणि फिरवायचा तो लिनक्सवर, जिथे माझा रूपांतराचा प्रोग्राम आहे. या दोन कामांमध्ये दर रविवारी देवघेव उभी असते.

पेन ड्राइव्ह का नको, असं मला विचारतात. पेन ड्राइव्ह एका वेळी एकाच बाजूला लागतो. इकडून काढा, तिकडे लावा, परत काढा. इंटरनेटवरून पाठवायचं तर एक्सपीला नेटवर सोडायला मी तयार नाही. त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी अधिकृतपणे थांबली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभर फायली कुलूपबंद केल्या तेव्हा तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. आमच्या पाहुण्याची नेटवर्कची तार मी सेटिंगमध्येच काढून टाकली आहे. तरीही देवघेव चालते, कारण ती नेटवर्कवरून जातच नाही. एक्सपीला ती नेटवर्कवरच्या एखाद्या दूरच्या संगणकासारखी भासते, पण यजमान आणि पाहुणा यांच्यातला तिचा मार्ग आतल्या आत आहे.

आणि तिचा खरा स्वभाव असा की तिच्याजवळ स्वतःचं काहीही नाही. पाहुण्याला एक ड्राइव्ह दिसतो, अक्षर लावलेला, त्यात फायली दिसतात. पण त्यातली एकही फाईल पाहुण्याच्या डिस्कवर नसते. सगळं असतं माझ्या डिस्कवरच्या एका साध्या फोल्डरात. तो ड्राइव्ह म्हणजे त्या फोल्डरावर पडलेली पाहुण्याची नजर, एवढंच. ही गोष्ट मी काकांना पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवी होती.

पहिल्या रविवारी ती दिसलीच नव्हती. मी यजमानाकडून फोल्डर वाटून दिला होता, नाव दिलं होतं, आणि पाहुण्याकडे काहीच नाही. कारण दुभाषी नव्हता. यजमान आणि पाहुणा वेगवेगळ्या भाषेत बोलतात. पाहुण्याच्या आत गेस्ट अ‍ॅडिशन्स नावाचा संच बसवला तरच त्याला यजमानाचं म्हणणं कळतं. दरबाराची मराठी, रयतेची गुजराती, रेसिडेन्सीची इंग्रजी अशा तीन भाषांत ज्या संस्थानाचा कारभार चालला, तिथल्या माणसाला दुभाष्याची किंमत समजावून सांगावी लागू नये. मी मात्र ते विसरलो होतो. संच बसवला, पाहुण्याला एकदा बंद करून चालू केलं, आणि माय नेटवर्क प्लेसेसमध्ये ती दिसली.

दुसऱ्या रविवारी ती पुन्हा नाहीशी. दुभाषी हजर होता. चूक माझी: पाहुणा चालू असतानाच मी फोल्डर जोडला होता आणि 'मेक पर्मनंट'वर खूण करायची राहिली होती. खूण नसेल तर ती त्या बैठकीपुरती येते आणि पाहुणा बंद झाला की तिची नोंदही पुसली जाते. फायली सुखरूप होत्या, नातं तेवढं तुटलं होतं. आजवर मला विचारायला आलेल्या अर्ध्याअधिक लोकांची अडचण हीच निघाली आहे.

नावाच्या बाबतीत ती फार काटेकोर. यजमानाकडे जे नाव दिलं तेच पाहुण्याकडे अक्षरशः म्हणायला हवं. लिनक्सच्या पाहुण्यावर एखादं अक्षर चुकलं तर 'प्रोटोकॉल एरर' असा भीतिदायक निरोप येतो आणि माणूस यंत्रात बिघाड शोधत बसतो. बिघाड असतो वर्णलेखनात. म्हणून तिचं नाव मी रोमन अक्षरांत, एका शब्दात, जागा न सोडता ठेवलं. आतल्या फायलींचीही तशीच. युनिकोडच्या आधी लिहिलेल्या प्रोग्रामांना देवनागरी नावाची फाईल वाचता येत नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाईल उघडत नाही. काकांना याचं वाईट वाटलं होतं. मराठी कुलवृत्तांताच्या फायलींना मराठी नाव नसावं? मलाही वाटलं. पण त्या प्रोग्रामचं वय आपण बदलू शकत नाही.

माझा भाचा कलाभवनात शिकतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन म्हणजे आजची सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान-अभियांत्रिकी शाखा. बडोद्यातले जुने लोक अजून कलाभवनच म्हणतात. त्याच्याकडे सगळं उलट: यजमान विंडोज, पाहुणा लिनक्स. एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन आला.

"मामा, फोल्डर दिसतो पण आत जाऊ देत नाही. परमिशन डिनाइड. मी सगळ्या परमिशन उघड्या करून पाहिल्या, काही फरक नाही."

"आतून बदललेल्या परमिशन ती ऐकत नाही," मी म्हटलं. "तिच्यावर कुणाचा हक्क हे जोडतानाच ठरतं. तू कोणत्या गटात आहेस ते बघ."

लिनक्सच्या पाहुण्यात आपोआप जोडलेला असा फोल्डर मीडिया नावाच्या फोल्डरात, नावाआधी 'एसएफ' ही दोन अक्षरं लावून येतो. त्याचा मालक असतो रूट आणि गट असतो 'व्हीबॉक्सएसएफ'. आपल्या खात्याचं नाव त्या गटात घातलं नाही तर दार दिसतं, पण उघडत नाही. गटात नाव घालून पुन्हा लॉगिन करायचं. नुसतं नाव घालून भागत नाही, कारण चालू बैठकीला जुनीच यादी पाठ असते. भाच्यानं नाव घातलं होतं, बाहेर पडून परत आला नव्हता. त्यात त्याचे दोन दिवस गेले होते.

महिन्याभरानं तोच पुन्हा आला. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला आणि 'नो सच डिव्हाइस'. लिनक्सवर दुभाष्याचा एक भाग कर्नलमध्ये बसतो. कर्नल बदलला की तो भाग नव्यानं बांधावा लागतो, आणि त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. त्या त्याच्याकडे नव्हत्या. मार्च २०२० मधल्या लिनक्स ५.६पासून या फोल्डरचा चालक कर्नलच्याच भांडारात आला आहे. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी हे दुखणं उरलं नाही. त्याच्या पाहुण्यावर जुनी व्यवस्था होती.

त्याची तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. वेबसाइटच्या फायली यजमानाकडे, सर्व्हर पाहुण्यात, मध्ये वाटलेला फोल्डर. इकडे फाईल बदलायची, ब्राउझरमध्ये जुनीच दिसायची. कधी तर शेवटी कचरा अक्षरं. यातलं अर्धं कारण ओळखीचं आहे: सर्व्हरची फाईल झटपट धाडण्याची 'सेंडफाईल' नावाची युक्ती अशा फोल्डरांवर फसते, आणि ती बंद केली की ताजी फाईल मिळते. दुसरं कारण तिच्या स्वभावातच आहे. यजमानानं काही ठेवलं की पाहुण्याला ते पाहिल्यावर दिसतं, पण 'ठेवलंय हं' अशी हाक तिच्याकडून जात नाही. फायलींवर पहारा ठेवून आपोआप ताजे होणारे प्रोग्राम म्हणून पाहुण्याच्या बाजूला गप्प बसून राहतात. आपण जाऊन पाहावं लागतं. वाटी ठेवून न सांगता जाणारी शेजारीणच ती.

यंत्रात यंत्र चालवण्याची कल्पना आजची नव्हे. आयबीएमनं १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम ३७० जाहीर केलं होतं. आमचं व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीनं सर्वांना मोकळं केलं. पुढे ते सन या कंपनीकडे आणि सनबरोबर २०१० मध्ये ऑरॅकलकडे गेलं. इतर कंपन्यांच्या व्हर्च्युअल मशीनमध्येही अशी मधली जागा असते, नावं तेवढी निराळी. व्हीएमवेअरवर तिला लिनक्समध्ये 'एचजीएफएस' नावाच्या फोल्डरात शोधायचं. पण विचारायचे प्रश्न कुठेही तेच: यजमानानं दिलंय का, दुभाषी जागा आहे का, मागणाऱ्याला हक्क आहे का. हा क्रम सोडून मी जेव्हा जेव्हा थेट शेवटच्या प्रश्नाकडे गेलो, तेव्हा सगळी सकाळ गेली आहे.

आता ते सांगतो, जे पहिल्या दिवशी काकांना सांगायला हवं होतं.

२०२३च्या पावसाळ्यातला रविवार. मी बाजूच्या खोलीत होतो. काका उठताना समाधानानं म्हणाले, "माझ्याकडच्या जुन्या प्रती काढून टाकल्या रे. तुझ्याकडे आहेतच ना."

माझ्याकडे नव्हत्या. काकांनी पाहुण्याच्या बाजूनं देवघेवीतल्या फायली पुसल्या होत्या. त्यांच्या समजुतीप्रमाणे ती त्यांची प्रत होती. पण तिच्यात प्रत नसतेच. तिकडे पुसलं की इकडे पुसलं. आणि पाहुण्याच्या नजरेला ती नेटवर्कवरची जागा असल्यानं पुसलेलं त्याच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही; यजमानाच्या कचरापेटीतही येत नाही, कारण यजमानाच्या बाजूनं कुणी काही टाकलेलंच नसतं. मी दोन्हीकडे पाहिलं. दोन्ही रिकाम्या.

आठवड्याचा बॅकअप होता, त्यातून जवळजवळ सगळं परत आलं. गेलं ते त्या एका सकाळचं काम: इंदूरच्या शाखेच्या दुरुस्त्या. काका काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी पिशवीतून जुनी चोपडी काढली, हातानं लिहिलेली, आणि इंदूरच्या शाखेपासून पुन्हा सुरुवात केली. दोन नावं त्यांना आठवेनात. ज्यांना विचारलं असतं ते हयात नव्हते. चोपडीत पुढे-मागे शोधून एक सापडलं. दुसऱ्या नावाची जागा अजून रिकामी आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे देवघेवीवर काम करायचं नाही, असा नियम आहे. ओट्यावर कुणी स्वयंपाक मांडत नाही. फाईल तिच्यातून उचलायची, पाहुण्याच्या स्वतःच्या डिस्कवर नेऊन उघडायची, तिथेच दुरुस्त करायची आणि झालेली प्रत नव्या नावानं परत ठेवायची. मी संध्याकाळी ती उचलतो. मूळ फायलींचा एक निराळा फोल्डर पाहुण्याला फक्त वाचण्यापुरता दिला आहे. यजमानाच्या बाजूनं 'रीड-ओन्ली'वर खूण केली की पाहुण्यानं कितीही प्रयत्न केला तरी त्यातलं अक्षर हलत नाही. आपला सगळा होम फोल्डरच पाहुण्याला देऊन टाकणारे लोक मी पाहिले आहेत. सोयीचं वाटतं म्हणून. त्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. जुन्या, दुरुस्ती थांबलेल्या पाहुण्याला लिहिण्यासाठी द्यायची ती एकच छोटी जागा, आणि तिच्यात त्या दिवसापुरतंच सामान.

२०२४च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. काकांची सोसायटी नदीच्या बाजूची, घर तळमजल्यावर. पाणी घरात आलं आणि टेबलाखाली ठेवलेला जुना संगणक, ज्यावर कुलवृत्तांत पहिल्यांदा टंकला गेला होता, तो बुडाला. छापील पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती खालच्या कप्प्यात होत्या, त्याही भिजल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही तो डबा उघडला. आत चिखल होता. डिस्क चालली नाही.

चारशे पानं तोवर गोत्रीत येऊन देवघेवीतून गेली होती. फॉन्टही आला होता. तो आणायचा राहिला असता तर फायली असूनही वाचता आल्या नसत्या. आज त्यातली तीनशे दहा पानं युनिकोडमध्ये फिरवून काकांच्या हातून तपासून झाली आहेत.

बडोद्यात, आणि बडोद्याबाहेरही, मराठी मंडळांच्या स्मरणिका, कुलवृत्तांत, गणेशोत्सवाचे अंक, शाळांच्या रौप्यमहोत्सवाची पुस्तकं अशाच जुन्या संगणकांवर पडून आहेत. कुठे माळ्यावर, कुठे पलंगाखाली. तुमच्या घरी असा एखादा असेल तर तो भंगारात जाण्याआधी त्यातल्या फायली काढून घ्या, आणि फायलींच्या आधी फॉन्ट काढून घ्या. तो विंडोजच्या फोल्डरातल्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात असतो. दोन्ही एकत्र ठेवा, एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि इंदूरला गेलेल्या एखाद्या बडोदेकर घराण्याची जुनी वंशावळ तुमच्याकडे असेल तर काकांना ती पाहायची आहे.